मधल्या बाईंचा कॉल

तीर्थस्वरूप मावशीस,

इथून वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा नमस्कार थोडा वरच्यावर झाला असेल तर सांभाळून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचे कान कसे आहेत? की अजून तू बोलायला लागलीस की नेमके तेव्हाच बंद पडतात? डॉक्टरांनी म्हणे तपासून कानांत काहीच दोष नाही असं सांगितलं, आणि तू डॉक्टरच बदललास. बरं केलंस. मी मजेत आहे. खोकला आहे, पण तो जुना, घरचाच. जेवणखाण वेळेवर चालू आहे (हे तुझ्या समाधानासाठी लिहिलं, खरं नाही). या फोनच्या जमान्यात हा मुलगा पत्र का लिहितोय असं म्हणशील, तर फोन रोज लावतो आणि तुझा फोन रोज एंगेज लागतो. मागे एकदा चुकून लागला तेव्हा तू मला "ठेव आता, मला एकीला फोन करायचाय" म्हणालीस. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट कायमची मिटवू. तू लोकांना सांगतेस की मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मागे तू दाखवलेल्या त्या स्थळाकडे गेलो, तर मुलीच्या वडिलांनी चहाच्या आधी बंद पडलेला प्रिंटर पुढे आणून ठेवला. (तो दुरुस्त झाला नाही आणि लग्नही जमलं नाही.) मावशी, माझं काम असं आहे: लोकांच्या ऑफिसात जायचं, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि बघायचं. कोण कुणाला काय कळवतं, कुठला कागद कुणाच्या हातून कुणाकडे जातो, कॉम्प्युटरवर काय भरतात आणि खरं काय घडतं, आणि या सगळ्या गोंधळातून शेवटी काम कसं पार पडतं, हे टिपायचं आणि त्याचा अहवाल द्यायचा. थोडक्यात, तू जे खिडकीत उभी राहून फुकट करतेस त्याचा मला पगार मिळतो.

सध्या मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत बसतो. तिथल्या मॅनेजरना एकच दुखणं आहे, ते म्हणजे सरासरी. लिफ्ट बंद पडल्याचा फोन आल्यापासून ती सुरू होईपर्यंत सरासरी किती वेळ जातो, हा आकडा त्यांनी खोलीत समोरच्याच भिंतीवर लावलाय आणि बोलताना ते माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघतात. बिचाऱ्यांचं दुःख खरं होतं. सगळे मेकॅनिक तासाभरात काम उरकून येत होते, तरी सरासरी काढली की ती महिन्यांमध्ये यायची. पाणी कुठे मुरतंय ते शोधा, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, दोन दिवसांत पत्ता लावीन आणि उरलेले दिवस आरामात खोकत काढीन.

जिथे फोन येतात ती खोली मागच्या बाजूला आहे. तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस हे आत येणाऱ्याचे कपडे बघून कळतं. तीन टेबलं, तीन हेडफोन, त्यातल्या एकाच्या कानाचा स्पंज फाटलाय म्हणून त्याला हातरुमाल गुंडाळलेला. तिथल्या मुख्य ऑपरेटर बाईंना सगळे थोरली म्हणतात. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतलं बटण दाबतो, की इथे घंटा वाजते. थोरली बोलता बोलता टाइप करते. ते मेकॅनिकच्या फोनवर जातं. मेकॅनिक जागेवर गेला की "पोहोचलो" दाबतो. हा झाला कॉम्प्युटर. पण मेकॅनिक ते बटण चहाच्या टपरीवरूनच दाबतात हे थोरलीला पक्कं ठाऊक, म्हणून भिंतीवर खिळे ठोकून प्रत्येकाच्या नावाची पाटी खिळ्याखिळ्यावरून हलवायची अशी दुसरी सोय केलेली. आणि पाट्यांवरही विश्वास नाही, म्हणून टपरीवाल्याचा नंबर काचेखाली ठेवलेला. मी हे सगळं बाणबिण काढून कागदावर मांडलं आणि मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

पण त्या खोलीतली खरी रीत माझ्या लक्षात आली ती नंतर. अडकलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. मध्येच ऑपरेटरची पाळी बदलली तर नव्या बाईनं "नाव काय आपलं" पासून सुरू करायचं नाही, बोलणं जिथे थांबलं तिथूनच उचलायचं. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरवरचा "इतर माहिती" हा रकाना ताब्यात घेतलाय. तो आहे खरं म्हणजे फाटकाला कुलूप आहे, कुत्रा आहे, असलं लिहायला. ह्या त्यात लिहितात, "गृहस्थ घाबरलेत, क्रिकेट काढा." "आईस्क्रीम वितळतंय, घरी पाहुणे आहेत, धाकटा भाऊ येणार आहे त्याचं नाव काढू नका." पुढची बाई ते वाचते, हेडफोन घालते आणि म्हणते, तर काय सांगत होतात? बारा कारखाने फिरलेला माणूस मी, पण इतकी नेटकी जुळवाजुळव कुठे पाहिली नाही. त्याच रकान्यात माझीही नोंद निघाली: "कोपऱ्यात एक मुलगा बसतो. काही करत नाही. निरुपद्रवी."

ही नोंद ज्या कॉलखाली होती तो कॉल पडद्यावर सगळ्यात वर, लाल रंगात होता. बाकीच्या ओळी येत होत्या, जात होत्या, ही जागची हलत नव्हती. मला वाटलं, कॉम्प्युटर अडकलाय. (मग मीही दुरुस्तीवालाच झालो की काय, या कल्पनेनं मला तुझी आठवण झाली.) तारीख बघितली तर माझ्या जन्माच्या आसपासची. नावाच्या रकान्यात "बाई", आणि आडनाव भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जाईना म्हणून कुणीतरी आडनावही "बाई" घातलेलं. सरासरी कोण खातंय ते कळलं! मी विजयी मुद्रेनं थोरलीला म्हटलं, हा जुना कचरा आधी पुसून टाका. तिनं माझ्याकडे पाहिलं, एका कानावरचा हेडफोन काढला आणि माझ्या कानाला लावला.

आधी पंखा फिरल्याचा आवाज. मग एका बाईचा, स्वच्छ, सावकाश, रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा. मी श्वाससुद्धा धरून होतो, तरी ती म्हणाली, "कोपऱ्यातले ना तुम्ही? माणूस निघाला का हो?" थोरलीनं डोळ्यांनीच खुणावलं. मी म्हटलं, निघालाय. मग तिनं विचारलं, मला अडकून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील का? मावशी, मी हेडफोन थोरलीच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

तिला सगळे मधल्या बाई म्हणतात, कारण ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. कॉल आधी वहीत होता. कॉम्प्युटर आल्यावर त्यात चढवला. कॉम्प्युटर बदलले तेव्हा प्रत्येक वेळी पुढच्यात आणला. नियमच आहे, की समोरचं माणूस बोलतंय तोवर कॉल बंद करायचा नाही, आणि ती कधी गप्प झाली नाही. थोरली नोकरीला लागली तेव्हा तिला पहिल्याच दिवशी हा हेडफोन दिला होता. तिला मुलगी झाली, मुलगी शाळेत गेली, तिचं लग्न झालं, प्रत्येक वेळी मधल्या बाईंनी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि मग जरा थांबून विचारलं, फार वेळ झाला का हो मला? आणि थोरलीनं प्रत्येक वेळी सांगितलं, छे, आत्ताच तर. हे सांगताना थोरली फुटाणे खात होती. या लोकांना भीती कशी वाटत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "कामाच्या वेळी कसली भीती? पाळी आहे, बोलायचं."

माझा विश्वास बसेना. (शिकलेला माणूस हट्टी असतो.) म्हणून मी तिच्या पत्त्यावर गेलो. तिथे दर महिन्याला एक मेकॅनिक जातोच, नाही गेला तर कॉम्प्युटर बोंब मारतो. त्याला टोपी म्हणतात, कारण टोपीशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नाही. पत्त्यावर इमारत नाही, मावशी. कधीच पाडली. नुसता मोकळा प्लॉट, गवत, कोपऱ्यात कुणाचीतरी झाकून ठेवलेली गाडी. टोपी त्या गवतात मोजूनमापून एका जागी गेला, हत्यारांची पिशवी खाली ठेवली, मान वर केली आणि आभाळाकडे बघून ओरडला, "बाई, आलोय हो! जरा धीर धरा!" मला इतकं हसू आलं की खोकल्याची ढास लागली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. थोरली होती. म्हणाली, मधल्या बाई विचारताहेत, खालून दोघांचे आवाज आले, त्यातला एक हसतोय तो कोण, आणि त्याला म्हणावं खोकल्यावर काहीतरी घे. आम्ही दोघांनी वर पाहिलं. वर काही नव्हतं. टोपीनं पिशवी उचलली आणि "पोहोचलो" दाबलं.

त्यानंतर मी औषध घ्यायला लागलो, आणि हसणं जरा बेतानं ठेवलं. पण खरी गोष्ट थोरलीनं नंतर सांगितली. मागे एकदा त्या भागात वीज गेली आणि लाइन थोडा वेळ तुटली. परत लागली तेव्हा मधल्या बाई बोलेनात. नुसत्या रडत होत्या, आवाज न करता, पंख्याच्या आवाजाआडून. कितीतरी समजावल्यावर एवढंच म्हणाल्या की तुमचा आवाज बंद झाला तेव्हा कुणीतरी माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. कोण, ते सांगितलं नाही. तुम्ही बोलायला लागलात आणि ते गेलं, म्हणाल्या. तेव्हापासून त्या खोलीत कुणी डबा खाताना, शिंकताना, भांडतानासुद्धा तो हेडफोन रिकामा ठेवत नाही.

मग एक ऑपरेटर रजेवर गेली आणि थोरलीनं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. नुसता बसतोस, जरा तोंड चालव, म्हणाली. माझं बोलणं तुला माहीत आहे. मी बाईंना सरासरी समजावून सांगितली. त्यांनी जांभई दिली. मी कागदांचा प्रवास सांगितला. त्या म्हणाल्या, बरं. माझ्याजवळचं सगळं संपलं, पंख्याचा आवाज वाढल्यासारखा वाटायला लागला, आणि घाबरून मी तुझ्यावर आलो. तू फाटकी पिशवी बदलून घ्यायला दुकानात गेलीस आणि दुकानदाराच्या मुलीचं लग्न जमवून, पिशवी तिथेच विसरून आलीस, ती गोष्ट. मावशी, बाई हसल्या! हेडफोन खरखरायला लागला इतक्या हसल्या. खोलीतल्या सगळ्यांचे हात थांबले, कारण इतक्या वर्षांत ते कुणी ऐकलं नव्हतं. थोरलीनं डोळे पुसले आणि रकान्यात लिहिलं, "मावशी चालते."

तेव्हापासून दुसरा विषयच नाही. पाळीवर येणारी प्रत्येक बाई आधी मला गाठते आणि म्हणते, मावशीचं काहीतरी दे. वरच्या मजल्यावरून पाणी गळतं त्यावरून तुझं चाललेलं भांडण (सध्या कुणाची बाजू वर आहे ते कळव, बाई रोज विचारतात), काकांचे कान, तू सोडलेले डॉक्टर, सगळं मी वाटून टाकलंय. तू न पाहिलेल्या त्या खोलीत तुझ्या गुडघ्याची चौकशी माझ्या आधी होते. रागावू नकोस. माझ्याजवळ दुसरं होतं काय?

आणि आता हे सगळं संपणार, मावशी. कंपनीत नवी यंत्रणा येतेय. फोनवर माणूस नसणार, यंत्राचा आवाज असणार: धीर धरा, आपली तक्रार महत्त्वाची आहे. जुने राहिलेले कॉल ती यंत्रणा आपोआप बंद करणार आणि लाइन तोडणार. मॅनेजर खूश आहेत, सरासरी एका दिवसात मिनिटांवर येईल. मी त्यांना म्हटलं, आत माणूस आहे. ते म्हणाले, पत्त्यावर इमारत नाही, इमारत नाही तर लिफ्ट नाही, लिफ्ट नाही तर माणूस कुठून येणार? यात चूक काढता येईना, हीच तर पंचाईत. शेवटी मी त्यांना हात धरून त्या खोलीत नेलं. त्यांनी हेडफोन कानाला लावला, क्षणभर ऐकलं, थोरलीच्या हातात कोंबला आणि तोंड धुवायला गेले. ओल्या तोंडानं परत येऊन म्हणाले, नव्या यंत्रणेची तारीख बदलणार नाही. मागून थोरलीनं सांगितलं की बाईंनी त्यांना एवढंच विचारलं होतं, "तुम्हीच का ते?" लाइन बंद होण्याबद्दल बाईंना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. रकान्यात तसं लिहायला थोरलीनं सक्त मनाई केली होती.

मला झोप नाही. डोळे मिटले की पंख्याचा आवाज थांबतो आणि बाईंच्या शेजारी ते येऊन उभं राहतं. मी या खोलीत फक्त बघायला आलो होतो, आणि आता मला ते बघवत नाही. असो. तू काळजी करू नकोस. काकांना नमस्कार (मोठ्यानं सांग). गुडघ्याला शेक घेत जा. कळावे, लोभ आहेच, तो चारचौघांतही दाखवावा.

तुझा भाचा
(प्रिंटर दुरुस्त न करणारा)

ता. क. एक लहानसं काम होतं. नव्या यंत्रणेत एक फट सापडली आहे. अडकलेल्या माणसाचा कॉल बंद न करता त्याच्या एका नातेवाइकाच्या फोनवर कायमचा वळवता येतो. मधल्या बाईंना कुणी नाही. म्हणून मी त्यांनाच विचारलं, माझी मावशी चालेल का? त्या इतका वेळ गप्प राहिल्या की थोरली उठून उभी राहिली. मग म्हणाल्या, त्यांना आधी विचारा, त्यांची कामं असतील. तर मावशी, विचारतोय. तुला वेगळं काहीच करायचं नाही. फोन उचलायचा आणि बोलायचं, जे तू एरवीही करतेस. फक्त मध्ये थांबायचं नाही.

ता. क. दुसरा. विचारतोय म्हटलं खरं, पण रकाने आजच भरायचे होते, तेव्हा तुझा नंबर घालून टाकलाय. नात्यासमोर "मावशी" लिहिलं, यंत्रानं निमूट घेतलं. टोपीला तुमच्याच बाजूला एक लिफ्ट बघायची आहे, त्याच्या हाती हे पत्र देतोय, म्हणजे फोन यायच्या आत तुझ्या हातात पडेल. त्याला चहा विचारू नकोस, उठत नाही.

ता. क. तिसरा. टोपी येईस्तोवर तुला सावध करावं म्हणून फोन लावला, तर एंगेज. मनात म्हटलं, बसली असेल कुणाचीतरी उणीदुणी काढत. मग पडद्यावर पाहिलं. मी बटण दाबलं त्याच क्षणी कॉल वळलाय. रकान्यात आपोआप अक्षरं उमटताहेत. टेबलाला कुणाचा हात लागलेला नाही, आम्ही सगळे लांब उभे आहोत. "मावशींशी बोलणं चालू. गुडघा झाला. काकांचे कान झाले. पाणी गळण्याचं चालू." मग बराच वेळ काही नाही. आता आलं: "मावशींनी पत्ता दिला. म्हणाल्या, लिफ्टमध्ये काय उभ्या राहताय, येऊनच जा घरी." मावशी, तू हे ज्याला त्याला का म्हणतेस?

ता. क. शेवटचा. टोपी दारात गाडी सुरू करून उभा आहे, घाईत लिहितोय. लाइन आत्ता बंद झाली. कुणी तोडली नाही. लाल ओळ हिरवी झाली आणि तिच्यापुढे आलं, "बाई निघाल्या." थोरली हेडफोन मांडीवर ठेवून बसली आहे, तिला काय करावं कळत नाही. मावशी, त्या येणार तर लिफ्टनं, आणि तुझ्या इमारतीला लिफ्टच नाही हे मी त्यांना कधी बोललो नव्हतो. तरीही बेल वाजली तर घाबरू नकोस, कोण म्हणून विचारत बसू नकोस, दार उघड. इतकी वर्षं उभ्या आहेत गं त्या. आधी खुर्ची दे.